शिबिर म्हणा, नाहीतर चाचणी म्हणा

महाडच्या एका कॉलेजात मी शारीरिक शिक्षण संचालक होते. हा हुद्दा कागदावरचा. मुली मला ‘जिमखान्याच्या मॅडम’ म्हणायच्या आणि स्टाफरूममधले काही विद्वान माझ्या पाठीमागे ‘शिट्टीवाल्या बाई’. निवृत्त झाल्यापासून भेटेल तो विचारतो, मॅडम, करंडक किती आणलेत? आणले. ते प्राचार्यांच्या खोलीतल्या कपाटात आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आज काहीएक सांगायचं नाही. मला सांगायचंय ते ‘शिबिर’ या शब्दाबद्दल. चांगला, सरळ, कष्टाळू शब्द होता. आमच्याच धंद्यातल्या लोकांनी तो नासवला, आणि ते आठवलं की अजूनही माझं डोकं तापतं.

ज्यांचा मैदानाशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडं समजावून सांगते. कॉलेजची कबड्डीची टीम आकाशातून पडत नाही. बारावी झालेल्या मुली कुठल्या कॉलेजात जातात, त्यावर पुढच्या तीन वर्षांचा संघ ठरतो. म्हणून प्रत्येक कॉलेज चांगल्या मुली शोधत असतं. शोधण्यात पाप नाही. मीही शोधल्या आहेत. पोलादपूरच्या वरच्या अंगाला ज्या वाड्यांत एसटी जात नाही तिथं चालत जाऊन, अंगणात लंगडी खेळणाऱ्या पोरी बघून, त्यांच्या आयांशी बोलून आणल्या आहेत. शहरातली मोठी कॉलेजं फी माफ करतात, हॉस्टेल देतात, खेळाडूंच्या जागेवर प्रवेश देतात. त्यालाही माझी हरकत नाही. आमच्या डोंगरातल्या मुलीला तसं कुणी बोलावलं तर मी तिला एसटीत बसवून आले आहे.

पण शिबिर वेगळं आणि चाचणी वेगळी. शिबिरात मुलीला शिकवायचं असतं, चाचणीत तिला जोखायचं असतं. शिबिरात बुटकी, जाडी, कधीच न खेळलेली, कुणीही यावी आणि पहिल्या दिवसापेक्षा शेवटच्या दिवशी तिला थोडं जास्त यावं. चाचणीत तसं नसतं. तिथं ‘तू ये, तू घरी जा’ असं होणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यामुळे मुलगी तयारीने येते, झोप काढून येते, सोबत घरचं माणूस असतं, आणि आपण काय पणाला लावतोय ते तिला माहीत असतं. बॅनरवर शिबिर लिहायचं आणि मैदानावर चाचणी घ्यायची, हा जो तिसरा प्रकार निघाला आहे ना, त्याला मी फसवणूक म्हणते. दुसरा सभ्य शब्द मला सापडलेला नाही.

मे महिन्यात आमच्या मैदानावर मी दरवर्षी मुलींचं कबड्डी शिबिर घ्यायची. सावित्री नदीच्या पुराचा गाळ दर पावसाळ्यात मैदानावर बसतो. तो सुकला, उकरला, पाणी मारून चोपला की अशी माती होते की पडलं तरी खरचटत नाही. त्या शिबिराचे काही नियम मी स्वतःच घालून घेतले होते. येईल तिला घ्यायचं. मैदानावर प्रवेशाचा विषय काढायचा नाही, ना मुलीशी, ना पालकांशी. पोहे आणि लिंबू सरबत सोडून कुणाला काही द्यायचं नाही, बूट नाही, टी-शर्ट नाही. आणि कुणाला लागलं तर दवाखाना आमचा, सोबत मी जाणार. हे नियम मला कुणी सांगितले नव्हते. पण सोळा-सतरा वर्षांच्या पोरीच्या पुढ्यात नवे बूट ठेवले की तिचं ‘नाही’ म्हणायचं बळ जातं, हे समजायला नियमावली कशाला लागते?

यात माझं नुकसानही व्हायचं. शिवथरकडून एक गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. मुलगी उंच, हात लांब, बघताक्षणी उजव्या कोपऱ्यात उभी करावी अशी. गृहस्थांच्या खांद्यावर भला मोठा फणस.

“मॅडम, पोरीला टीममध्ये घेतली असं लिवून द्या. मंग मी निवांत.”

“काका, इथं शिबिर आहे. प्रवेशाचं जूनमध्ये ऑफिसात या.”

“म्हंजे नक्की नाय?”

“इथं तसं बोलत नाही आम्ही.”

त्यांनी फणसाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “मंग ह्यो परत न्यावा काय?” मी म्हटलं, ठेवा की, सगळ्या मुलींना कापू. त्यांनी ठेवला, मुलींनी हाताला तेल लावून खाल्ला आणि जूनमध्ये ती मुलगी दुसऱ्याच कॉलेजात गेली. तिथं त्यांना लिहून मिळालं होतं. स्टाफरूममध्ये माझी भरपूर थट्टा झाली. मला तेव्हाही वाईट वाटलं नाही. ज्याचं वाटलं ते पुढे सांगते.

काही वर्षांपूर्वीच्या एका मे महिन्यात शहरातल्या एका मोठ्या कॉलेजाने आमच्या प्राचार्यांकडे प्रस्ताव पाठवला. ‘ग्रामीण मुलींसाठी मोफत कबड्डी कौशल्य शिबिर’. मार्गदर्शक त्यांचे, मॅट त्यांची, खाणं त्यांचं. मैदान तेवढं आमचं. त्या कॉलेजचं नाव मी घेणार नाही. नाव घेतलं की ते एकटेच दोषी आहेत असं वाटेल, आणि ते तसं नाही. प्राचार्य खूश झाले. मी विचारलं, “शिबिर आहे की चाचणी?” ते म्हणाले, “मॅडम, फुकट येताहेत, मॅट आणताहेत, तुम्ही काय चौकशी लावलीत?”

त्या कॉलेजचे प्रशिक्षक इनामदार सर. वय चाळिशीचं, बोलणं गोड, अंगात खेळ मुरलेला. पहिल्या दिवशी त्यांनी खरोखर सुंदर शिकवलं. चढाईला जाताना मागचा पाय कसा ठेवायचा, हात कुठवर लांबवायचा, हे त्यांनी असं उलगडून दाखवलं की मीही बाजूला उभी राहून शिकले. संध्याकाळी मला वाटलं, आपण उगाच शंका घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फक्त बारावी झालेल्या मुली वेगळ्या काढल्या. उंची मापली, वजन केलं, उभ्या उड्या मारायला लावल्या. बाकीच्या मुली बांधावर बसून राहिल्या. मी जाऊन विचारलं, “सर, ह्या कधी शिकणार?” ते हसले. “दुपारी घेऊ त्यांना.” दुपारी घेतलं नाही.

वेगळ्या काढलेल्या मुलींत दोघी माझ्या नजरेत भरलेल्या होत्या. एक दासगावची नाझनीन. वडील कुवेतला, घरी अम्मी आणि धाकटी भावंडं. पकडीला उभी राहिली की दगडासारखी. दुसरी सारिका, आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीवरची. वडील टेम्पोवर ड्रायव्हर, आई वनिताबाई शेती बघायच्या. सारिका चढाईला गेली की समोरच्या सातजणी मागे सरकायच्या. अंगापिंडाने बारीक, पण अशी वळायची की धरणाऱ्याच्या हातात वारा यायचा. ह्या गोष्टीतल्या नावांबद्दल सांगून ठेवते, ती खरी नाहीत. माणसं खरी आहेत.

त्या दिवशी सारिकाची आई तिला न्यायला आली होती. इनामदार सरांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. सारिकाला नर्सिंगला जायचं होतं आणि त्याचा अर्ज भरायची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. वनिताबाईंनी सरांना सरळ विचारलं, अर्ज भरू की नको? सर म्हणाले, “कशाला भरताय? आमच्याकडे सीट पक्की समजा. हॉस्टेलला रूम कुठली हवी तेवढं सांगा.” वर सारिकाला एक नवा कोरा बुटांचा जोड दिला. हे मला वनिताबाईंनी नंतर सांगितलं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला मी तेव्हा बांधावर बसून राहिलेल्या मुलींना घेऊन खेळत होते.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी सामना लावला. महाडच्या मे महिन्यातली दुपार ज्याने सोसली आहे त्यालाच ती कळेल. माती नाही, मॅट. समोर त्यांच्या कॉलेजच्या सीनियर मुली, सरावलेल्या, तब्येतीने दुप्पट. आणि मॅटशेजारी टेबल टाकून दोन सहायक प्रत्येक मुलीचे मार्क मांडत होते. शेवटच्या दिवशी कुठल्या शिबिरात मार्क मांडतात?

सारिका जन्मभर अनवाणी मातीवर खेळलेली. त्या दिवशी पायात नवे बूट, तेही एक नंबर मोठे. मातीवर पाय सरकतो, म्हणून गुडघा वाचतो. मॅटवर रबरी तळव्याचा बूट चिकटून बसतो. ज्याने आयुष्य या खेळात घालवलं त्याला हे माहीत असलंच पाहिजे आणि इनामदार सरांना माहीत होतं. तिने चढाई केली, एकीला हात लावला, वळली. पाठीमागून तिने आणि आणखी एकीने धरली. अंग वळलं, पाय जागेवर राहिला. तिचा आवाज मी मैदानाच्या ह्या टोकाला ऐकला.

मी धावत पोहोचले तेव्हा ती गुडघा धरून पडलेली होती. इनामदार सर जवळ आले, वाकून बघितलं, म्हणाले, “बर्फ लावा.” मग ताठ झाले, टेबलाकडे वळले. मार्क मांडणाऱ्याने पेन खाली ठेवलं होतं. सर म्हणाले, “पुढची.”

पुढची.

मी कितीतरी सामने पाहिले, पडझड पाहिली, हात निखळलेले पाहिले. पण तो शब्द ऐकून माझ्या अंगाचा जो जाळ झाला तो वेगळाच. त्या दिवशी तिला रिक्षात घालून दवाखान्यात मी नेलं. त्यांच्यातलं कुणी आलं नाही. संध्याकाळी मॅट गुंडाळून, टेम्पोत टाकून, आमच्या प्राचार्यांच्या हातून शाल-श्रीफळ घेऊन ते गेले.

गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं. ऑपरेशन सांगितलं. जून उजाडला, प्रवेश सुरू झाले. नाझनीनला त्या कॉलेजातून फोन आला, ती गेली. सारिकाला आला नाही. तिने लावला तर कुणी उचलला नाही. नर्सिंगची मुदत केव्हाच उलटून गेली होती. एक दिवस वनिताबाई माझ्या घरी आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

“मॅडम, सरांचा शब्द होता. त्यांना काय झालं असंल? आजारीबिजारी हायत काय?”

त्या माऊलीला अजून वाटत होतं की माणूस आजारी असेल! मी म्हटलं, चला, आपणच जाऊन बघू.

आम्ही तिघी एसटीने गेलो. सारिकाचा पाय पट्ट्याने बांधलेला, तो सीटवर आडवा ठेवून. त्या कॉलेजचा जिमखाना बघून सारिका दारात थबकली. काचेची दारं, आत कायमची अंथरलेली मॅट, भिंतीवर जिंकलेल्या संघांचे फोटो. इनामदार सर आजारी नव्हते. त्यांनी चहा मागवला.

मी म्हटलं, “सर, ही सारिका. तुमच्या चाचणीत हिला लागलं.”

“चाचणी नव्हती मॅडम. शिबिर होतं.”

“मग मार्क कशाचे मांडलेत?”

“प्रगती बघायला.”

“आणि हिच्या आईला हॉस्टेलची रूम कुठली हवी ते कशाला विचारलंत?”

ते अगदी शांतपणे म्हणाले, “मॅडम, तुम्ही भावनेने बोलताय. नियमाने बघा. हिचा आमच्याकडे प्रवेश झालेला नाही, म्हणजे ही आमची खेळाडू नाही. ही शिबिरार्थी होती. आणि शिबिर तुमच्या मैदानावर होतं.”

म्हणजे बघा. धडधाकट होती तोवर पक्की सीट. पाय मोडला त्या क्षणी शिबिरार्थी. खेळत होती तेव्हा शिबिर त्यांचं, पडली तेव्हा मैदान आमचं. इतक्या सफाईने हात झटकलेले मी पाहिले नव्हते. आणि खरी चीड याची, की नियमाने त्यांचं काही चुकत नव्हतं, कारण नियमच नव्हता.

वनिताबाई म्हणाल्या, “सायेब, माझ्या पोरीचा पाय मोडला म्हणून नको झाली, का तुमचा शब्दच खोटा होता? येवडं सांगा. मी दुसरं काय मागत नाय.”

सरांनी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

सारिका पुढे झुकली. ती म्हणाली, “सर, त्या चढाईत माझा हात मधल्या रेषेला लागला होता. दोघी माझ्या अंगावर होत्या. दोन गुण होते. तुम्ही दिले नाय.”

“कुठल्या चढाईत?” सरांनी विचारलं.

त्यांना खरंच आठवत नव्हतं. आम्ही उठलो. चहा तसाच राहिला.

ऑपरेशन मुंबईच्या सरकारी रुग्णालयात झालं. खटपटी मी केल्या, तिच्या वडिलांच्या टेम्पोमालकाने केल्या, आमच्या जुन्या खेळाडू मुलींनी केल्या. ज्यांनी करायला हवं होतं त्यांनी केलं नाही.

त्या वर्षी आमच्या विभागातल्या कॉलेजांच्या क्रीडाशिक्षकांची बैठक झाली, तेव्हा मी उभी राहिले. माझं म्हणणं मोजकं होतं. शिबिर असेल तर येईल तिला घ्या आणि निवड करू नका. निवड करायची तर चाचणी असं उघड लिहा. शिबिरात प्रवेशाचं आमिष दाखवू नका, वस्तू देऊ नका. आणि ज्याचं शिबिर त्याचा दवाखाना, मैदान कुणाचंही असो. यात कुणाला काय खटकावं? पण खटकलं. एकजण म्हणाले, “मॅडमच्या मुली शहरात पळतात, म्हणून हा राग.” दुसरे म्हणाले, “खेड्यातल्या पोरींना चार चांगली माणसं बघायला येतात, ती संधी तुम्ही बंद करणार?”

ह्या दुसऱ्या बोलण्यात तथ्य होतं. नाझनीनला संधी मिळाली होती. ती तिथं उत्तम खेळत होती. पण मग मी म्हटलं, “संधी उघड द्या ना. लपवून कशाला देता? चाचणी म्हटली तर पोरी येणार नाहीत असं वाटतं? येतील. फक्त विचारून येतील. तेच तुम्हाला नकोय.”

अखेर ठराव झाला. माझे सगळे नियम घेतले, आणि प्रत्येकात एक शब्द घातला. ‘शक्यतो’. शक्यतो निवड करू नये. शक्यतो आमिष दाखवू नये. शक्यतो वैद्यकीय खर्च आयोजकांनी करावा. टाळ्या झाल्या, माझं अभिनंदनही झालं. त्यानंतर वर्षभरात मी निवृत्त झाले. निरोप समारंभात वक्त्यांनी त्या नियमांचा गौरवाने उल्लेख केला तेव्हा माझ्या हातातला गुच्छ फेकून मारावासा वाटला. मारला नाही, एवढंच.

पुढच्या उन्हाळ्यात नाझनीनचा फोन आला. आवाज दबका होता.

“मॅडम, आमच्या कॉलेजचं शिबिर पोलादपूरला लावलंय. मला घेऊन येणार आहेत. म्हणाले, तू त्या भागातली, मुलींशी तू बोल, त्यांना हॉस्टेलबद्दल सांग. तुम्ही याल?”

मी गेले. पोलादपूरच्या एका शाळेचं पटांगण, मंडप, माईक, मॅट अंथरलेली. मुलींची गर्दी आणि मागे त्यांच्या आया. त्यांत वनिताबाई दिसल्या आणि मी चमकले. त्यांची धाकटी, पूजा, बारावी झाली होती. तिलाही कबड्डीचं वेड.

“तुम्ही इथं?” मी विचारलं.

“पोर ऐकत नाय मॅडम. घरात कोंडून ठेवू? तिचा तिला खेळ हाय. पर येकटी पाठवनार नाय मी आता.”

इनामदार सरांनी प्रास्ताविक केलं. मला बघून मान लववली. मग म्हणाले, तुमच्याच मातीतली, आमची स्टार खेळाडू आता तुमच्याशी बोलेल. नाझनीन उठली. कॉलेजच्या रंगाचा ट्रॅकसूट, केस घट्ट बांधलेले. तिने माईक हातात घेतला.

“मी दासगावची,” ती म्हणाली. “सरांनी मला घेतलं, चांगलं शिकवलं, हॉस्टेल चांगलं आहे, जेवण बरं आहे. ते खोटं नाही. पण एक सांगते. बॅनरवर शिबिर लिहिलंय. ही चाचणी आहे. मी अशीच निवडली गेले. तुम्ही खेळा, मनापासून खेळा, पण चाचणी समजून खेळा. दुसरीकडचे अर्ज भरायचे थांबवू नका. मातीवर खेळणाऱ्यांनी आज पहिल्यांदाच बूट घालून मॅटवर जाऊ नका. आणि लागलं तर कोण बघणार, ते आधी विचारून घ्या. माझ्या बरोबरीच्या मुलीने विचारलं नव्हतं.”

इनामदार सर पुढे झाले, माईक घेतला, हसायचा प्रयत्न केला. “आमची नाझनीन जरा जास्तच काळजी करते…”

तेवढ्यात मागून आवाज आला. वनिताबाई उभ्या राहिल्या होत्या. “सायेब, ती इचारते ता बरोबर हाय. लागलं तर कोन बघनार?”

“आई, तसं काही होत नाही.”

“झालाय. माझ्या घरात झालाय. तुमी वळखलं नाय मला?”

सरांनी ओळखलं. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मागच्या आया एकमेकींकडे बघायला लागल्या, मग एक म्हणाली, “हां, सांगा की.” दुसरी म्हणाली, “आदी सांगा, मंग खेळवा.” दोघीतिघींनी आपापल्या मुलींना दंडाला धरून मागे ओढलं. मॅट मोकळीच राहिली.

“कॉलेज बघेल,” सर म्हणाले.

“माईकमधे सांगा,” वनिताबाई म्हणाल्या.

आणि सरांनी माईक तोंडाशी धरून सांगितलं. ज्या मुलीला इथं दुखापत होईल तिच्या उपचाराची जबाबदारी आमच्या कॉलेजची. आणि हो, ही चाचणी आहे. बैठकीत मला जे मिळालं नव्हतं ते एका आईने उभं राहून मिळवलं. मग त्या खाली बसल्या आणि पूजाला म्हणाल्या, “जा गो. बूट काढ, नि खेळ.” बऱ्याच मुली अनवाणी उतरल्या.

दुपारी फाटकापाशी इनामदार सर माझ्याजवळ आले. चेहरा उतरलेला. “मॅडम, एक सांगू? मीही कंत्राटी आहे. दरवर्षी चांगल्या मुली आणल्या तर माझा करार पुढे जातो. चाचणी लिहिलं तर दुसरी कॉलेजं सावध होतात, आधी येऊन मुली उचलतात. वरून सांगितलं जातं, शिबिर लिहा.”

मी त्यांना म्हटलं, “हे त्या दिवशी सारिकाच्या आईला सांगितलं असतं तरी चाललं असतं.” माझा राग तेव्हा कमी झाला नाही. तो त्यांच्या डोक्यावरून पुढे, काचेच्या दारामागे बसणाऱ्यांपर्यंत गेला, जे कधी मैदानावर येत नाहीत आणि ज्यांची नावं कुणाच्या ओठांवर येत नाहीत. आणि तरीही ‘पुढची’ हा शब्द वरून कुणी सांगितला नव्हता. तो इनामदार सरांचा स्वतःचा होता.

नाझनीनला त्याची किंमत मोजावी लागली. पुढच्या मोसमात तिला राखीव बाकावर बसवलं, कारण दिलं नाही. तिच्या अब्बांनी कुवेतहून फोन करून मला विचारलं, “मॅडम, पोरीने गप्प राहायला हवं होतं का?” मी म्हटलं, तुम्हाला काय वाटतं? ते म्हणाले, “मला वाटतं, बरं केलं. पण ती रडते.” पदवी घेऊन ती परत आली. आता दासगावात शाळेतल्या मुलींना पकड शिकवते. पूजाची निवड त्या दिवशी झाली नाही. ती आमच्याच कॉलेजात आली, मजेत खेळली.

सारिकाने एक वर्ष घालवून नर्सिंग केलं. महाडमधल्या एका दवाखान्यात नोकरीला आहे. चालते, जिने चढते, ड्युटीला तासन्‌तास उभी राहते. चढाईला मात्र परत कधी गेली नाही. शिबिरं अजून चालूच आहेत. बॅनर मोठे झालेत, मॅटचे रंग बदललेत. मुलींचे व्हिडिओ आता मोबाइलवर आधीच फिरतात आणि आमच्या खोऱ्यात शिबिर घ्यायला तीन-तीन कॉलेजं एकाच महिन्यात उतरतात. ‘शक्यतो’ अजून तिथंच आहे.

हे लिहायचं ठरवलं तेव्हा मी सारिकाला विचारायला दवाखान्यात गेले. ती इंजेक्शनचा ट्रे घेऊन निघाली होती, तशीच थांबली. मी म्हटलं, तुझं नाव बदलीन, गाव सांगणार नाही, तुला आवडणार नसेल तर लिहिणारच नाही.

ती म्हणाली, “लिहा मॅडम. पण वाचून कुणी ‘अरेरे’ म्हणेल असं लिहू नका. तसं म्हणणारे लय भेटले मला. वाचून राग येईल असं लिहा.”

आणि ती पेशंटकडे गेली.